बोंबील न कापलेली सुरी

आमच्या गॅलरीतून प्रबळगड दिसतो. हे वाक्य अजून वर्तमानकाळात लिहिता येतंय, म्हणून आधी लिहून टाकलं. समोरच्या प्लॉटवर टॉवर उठतो आहे आणि त्यानं डोंगर पायाकडून खायला घेतला आहे. पहिल्या स्लॅबला पायथ्याची झाडी गेली. मग मधली वाडी गेली. त्या वाडीत संध्याकाळी एकच दिवा लागायचा, आणि आम्ही दोघं नवरा-बायको चहा पिताना त्या दिव्याखाली आज काय शिजत असेल यावर चर्चा करायचो. शोभाचं मत बहुधा सुकट. आता नुसता माथा उरला आहे, आणि माथ्याशेजारची ती खाच, जिच्यातून थंडीच्या दिवसांत सूर्य वर येतो.

आमच्या सोसायटीचं नाव ‘गिरिदर्शन’. फ्लॅट घेताना माहितीपत्रकात एक गॅलरी छापली होती, गॅलरीत एक जोडपं आणि जोडप्यासमोर डोंगर. त्यातला पुरुष डोंगराकडे बोट दाखवत होता. मी तो पुरुष व्हायचं ठरवलं आणि झालोही. बोट मी तेव्हापासून दाखवतोच आहे, “पुढच्या रविवारी जाऊ या,” असं म्हणत. आमची चारुता पहिलीत होती तेव्हा हा पुढचा रविवार सुरू झाला. आता ती बंगळुरात नोकरीला आहे आणि फोनवर अधूनमधून विचारते, “बाबा, डोंगर काय म्हणतोय?”

“वाट बघतोय,” मी म्हणतो. कोण कोणाची, ते तीही विचारत नाही.

तर एका संध्याकाळी शोभानं चहाचा कप कठड्यावर ठेवला, समोरच्या सळयांकडे पाहिलं आणि गॅसचा सिलिंडर हलवून बघितल्यावर ज्या आवाजात बोलते त्या आवाजात म्हणाली, “अहो, अजून दोन स्लॅब. मग संपलं.”

मला काहीतरी करणं भाग होतं. मी एक सुरी विकत घेतली.

हसू नका, यात तर्क आहे. स्वस्त वस्तू माणसाला सूट देते. स्वस्त बूट घेतले की ते माळ्यावर जातात आणि मन खात नाही. पण वस्तू महाग असली की ती कपाटातून बघत राहते. तेव्हा डोंगरावर जायचंच असेल तर आधी डोंगराची एखादी भारी वस्तू घ्यायची, म्हणजे तिची किंमत आपल्याला मागून ढकलत वर नेईल. हा सिद्धांत मी शोभाला सांगितला तेव्हा तिनं बेडरूममधल्या ट्रेडमिलकडे पाहिलं. त्यावर माझे दोन शर्ट आणि तिचा गाऊन वाळत होता. मी म्हणालो, अपवाद असतात.

सुरीच का, असंही कोणी विचारेल. त्याला कारण इंटरनेटवरचा एक दाढीवाला. हा गृहस्थ बर्फात बसून सुरीनं लाकडं फोडतो, लाकडाची पिसं काढतो, त्यांवर विस्तव करतो आणि विस्तवाकडे बघत गप्प बसतो. त्या गप्प बसण्यावर मी भाळलो. एका चित्रफितीत त्यानं महाग सुरी आणि स्वस्त सुरी समोरासमोर ठेवून दिवसभर ओंडके फोडले. दोन्ही सुऱ्यांनी फुटले. शेवटी तो म्हणाला, कुठली घ्यायची ते तुमच्या गरजेवर आहे. माझी गरज डोंगराएवढी होती. मी महाग घेतली. किंमत मी इथे लिहीत नाही. शोभानं विचारली तेव्हा तिला समजेल अशा एककात सांगितली: दीड मिक्सर.

पार्सल आलं ते मी ऑफिसात असताना. आमच्या गेटवर आलेल्या वस्तूचं वर्णन करून मालकाची परवानगी घेण्याचा नियम आहे. वॉचमननं चुकून मला सोडून सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्या बिल्डिंगला विचारलं, “चौथे माले के कर्णिक साब का चाकू आया है, ऊपर भेजूं क्या?” मी घरी पोचेपर्यंत खालच्या मजल्यावरच्या मनिषाताई शोभाच्या शेजारी बसून तिचा हात थोपटत होत्या. आमचे सेक्रेटरी कल्पेश यांनी ग्रुपवर निवेदन टाकलं: “डिअर मेंबर्स, अफवा पसरवू नयेत. चाकू पर्सनल यूजसाठी आहे.” त्यानं उरलेसुरलेही घाबरले.

रात्री चेअरमन भगवानशेठ पाहणीला आले. आमची बिल्डिंग ज्या भातशेतावर उभी आहे ते त्यांच्या वडलांचं. आमच्याकडे आले की ते सोफ्यावर बसतात, फरशीकडे बघतात आणि म्हणतात, “हितं आमचं खळं व्हतं.” आपण पाहुणे आहोत की ते, हे मग आम्हाला कळेनासं होतं.

त्यांनी सुरी हातात तोलली. “येवढ्या पैशात आख्खी कोंबड्यांची गाडी आली असती, कर्णिकसायेब. हाय काय यात?”

“फुल टँग आहे.”

“म्हंजे?”

“म्हणजे पातं मुठीच्या आत शेवटपर्यंत जातं.”

भगवानशेठनी विचार केला. “मंग भायेर कापायला काय उरतं?”

यावर दाढीवाल्यानं काही सांगितलेलं नव्हतं.

सुरीनं घरात काही कापायचं नाही असा मी नियम केला. शोभाकडे तिची सुरी होतीच. टपाल नाक्याजवळच्या हातगाडीवरून घेतलेली, हिरव्या प्लॅस्टिकच्या मुठीची. मूठ एकदा निखळली तेव्हापासून तिला दोन रबरबँड आहेत. त्या सुरीनं आमच्या घरातला कांदा, बोंबील, चारुताच्या वाढदिवसाचे केक, दुधाच्या पिशव्या आणि एकदा माझ्या पायाचं प्लॅस्टर, एवढं सगळं कापलं आहे. एकदा कोथिंबीर चिरताना शोभा म्हणाली, “द्या ना ती तुमची, बघू तरी.”

“ती आउटडोअर आहे.”

“कोथिंबीर काय आपल्या सोफ्यावर उगवते?”

मी सुरी म्यानात घालून कपाटात, बनियनांच्या मागे ठेवली. ती तिथून माझ्याकडे बघू लागली. सिद्धांत काम करत होता. मी बूट घेतले. दसऱ्यानंतरचा पहिला रविवार ठरवला, कारण समोरचा ठेकेदार मजूर गावाहून परतले की लगेच स्लॅब टाकणार होता. शोभाचा गुडघा दुखतो, तरी ती म्हणाली, “जिथपर्यंत जमेल तिथपर्यंत येईन. तो दिवा कुठे होता ते तरी बघू.” हे तिनं इतक्या हळू म्हटलं की मी गंभीर झालो आणि ऑफिसच्या जिन्यावर चढण्याचा सराव सुरू केला.

खंडेनवमीला घरातली हत्यारं पुजतात. आमच्या घरची हत्यारं म्हणजे हातोडी, पक्कड, कात्री, माझा लॅपटॉप आणि शोभाचा मिक्सर. पाटावर मांडामांड करताना तिला कपाटातली सुरी आठवली. मी नको म्हणेपर्यंत पात्याला हळद लागली, कुंकू लागलं, मुठीला झेंडूचं फूल टेकलं. कुंकू मुठीच्या खाचेत गेलं ते कायमचं. चेअरमन म्हणून आपट्याची पानं वाटायला भगवानशेठ दुसऱ्या दिवशी आले, पाटावर सुरी पाहून त्यांनी तिला नमस्कार केला, आणि जाता जाता वळून पुन्हा तिच्याकडे पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ मला तेव्हाच कळायला हवा होता.

आता पिंपळाकडे येतो. आमच्या न्हाणीघराच्या खिडकीबाहेर, पाइपाच्या बाजूला भिंतीत एक पिंपळ उगवला आहे. उंची वीतभर, पानं सात-आठ, रुबाब मात्र शंभर वर्षांचा. त्याची मुळं भिंतीत शिरली आणि खाली मनिषाताईंच्या छतातून पाणी ठिबकायला लागलं. मनिषाताई आता न्हाणीघरात छत्री घेऊन जातात. पिंपळ काढायला हवा यावर सोसायटीत एकमत होतं, कोणी काढायचा यावर नव्हतं. प्लंबरनं हात जोडले. रंगाऱ्यानं दोरावर लोंबकळत येऊन जवळून पाहिलं आणि तसाच वर निघून गेला. पिंपळ तोडला की दोष लागतो, आणि शिवाय त्यावर मुंजा असतो.

दसऱ्यानंतर तातडीची मीटिंग झाली. मी म्हणालो, “अहो, वीतभर रोपटं आहे. मुंजा झाला तरी मुंज झालेल्या मुलाचं भूत ते. एवढ्याशा फांदीवर बसणार कुठे?”

“अंडर कन्स्ट्रक्शन आहे सर,” कल्पेश म्हणाले. “बुकिंग करून ठेवलं असेल.”

कोणी हसलं नाही. पनवेलमध्ये बुकिंग हा थट्टेचा विषय नाही.

“तोडायचं नाय,” भगवानशेठ म्हणाले. “मुळासकट सोडवायचं आन् दुसरीकडं लावायचं. पर झाडाला लोखंड लावायचं तर ते चोखं पायजे. कुनाच्या घरातली सुरी चोखी हाय? मटन, मच्छी, लसून. सगळ्यांच्या बाटलेल्या.” ते थांबले. “बिल्डिंगमदी एकच सुरी हाय जिनं अजून काय पन कापलं नाय. वर पुजेतली.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या सुरीचं आयुष्यभराचं कर्तृत्व म्हणजे तिनं काही केलेलं नव्हतं, आणि ते आता तिचं पुण्य ठरलं होतं. दीड मिक्सर नेमके कशाचे मोजले होते, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. स्वस्त सुरी इतकी स्वच्छ राहूच शकत नाही, तिला लगेच कोणीतरी कांद्याला लावतं.

“कधी?” मी विचारलं.

“रविवारी. सगळे घरी असतात.”

“रविवारी आम्ही प्रबळगडावर जातोय.”

मीटिंगमध्ये सहानुभूतीची एक लाट आली. हा रविवार सगळ्यांना माहीत होता. मनिषाताईसुद्धा मायेनं म्हणाल्या, “त्याच्या पुढच्या रविवारी जा ना.”

मला काय झालं सांगता येत नाही. मी उठून उभा राहिलो. मीटिंगमध्ये मी यापूर्वी फक्त समोसा घ्यायला उठलो आहे. म्हणालो, “पुढचा रविवार नाही. तोवर समोरचा स्लॅब टाकतील आणि मग आमच्यापुढे सिमेंट असेल. सुरी हवी तर मी काढतो तुमचा पिंपळ. पण तो लावायचा डोंगराच्या पायथ्याशी, आणि त्याच रविवारी, आणि आम्ही दोघं बरोबर जाणार.” आवाज शेवटी थोडा फाटला. कल्पेशनी इतिवृत्तात ‘कर्णिक सर इमोशनल झाले’ असं लिहिल्याचं मला नंतर कळलं.

भगवानशेठची बहीण नेरे गावाच्या पुढे, अगदी डोंगराला टेकून राहते. “चंद्रावतीच्या वाडीत लावू,” ते म्हणाले. “माझी गाडी हाय.” ठराव झाला.

रविवारी सकाळी आमच्या न्हाणीघरात सहा माणसं होती. हे न्हाणीघर एका माणसासाठी बांधलेलं आहे, आणि तोही बारीक. कल्पेशनी सुरक्षिततेसाठी मला त्यांच्या स्कूटरचं हेल्मेट घातलं आणि माझ्या कमरेला त्यांच्या आईची नऊवारी बांधली. दुसरं टोक भगवानशेठनी धरलं. शोभानं खिडकीतून हात काढून पिंपळाला हळदकुंकू लावलं आणि म्हणाली, “रागावू नको हं, चांगल्या जागी नेतोय.” मी अर्धा बाहेर झालो. समोर टॉवर, त्याच्या डोक्यावर डोंगराचा माथा, आणि टॉवरवरचे मजूर काम सोडून रांगेत उभे, माझ्याकडे बघत.

मी दाढीवाल्याचं स्मरण केलं आणि सुरी मुळाशेजारच्या फटीत घातली. ती आत गेली. चांगली मुठीपर्यंत गेली. मग तिला बाहेर यायचं नव्हतं.

“निघत नाहीये,” मी हेल्मेटमधून म्हणालो.

“फुल टँग हाय,” भगवानशेठ आतून म्हणाले. “शेवटपत्तुर जाते.”

मी ओढली, हलवली, तिला विनंती केली. सुरी भिंतीत आणि मी खिडकीत, असे आम्ही दोघं अडकलो होतो. तेवढ्यात शोभा स्वयंपाकघरात जाऊन आली आणि माझ्या काखेखालून हिरव्या मुठीची सुरी पुढे केली. “सिमेंट खरवडा हिनं.”

“वैनी, ती बोंबलाची!” भगवानशेठ ओरडले.

“झाडाला नाही लावत. फक्त सिमेंटला लावायची.”

आत धर्मचर्चा झाली. सिमेंट बाटत नाही असा निर्णय लागला, आणि कोणी काही म्हणायच्या आत मी कामाला लागलो. स्वस्त सुरीनं सिमेंट खरवडलं, गिलावा उकरला, रबरबँड तुटला, पातं थोडं वाकलं, ते मी भिंतीवर दाबून सरळ केलं, पुन्हा खरवडलं. मोकळी झाल्यावर महाग सुरी बाहेर आली. तिनं शेवटचा एक धागा, केसासारखं मूळ, कापलं. पिंपळ माझ्या हातात आला. आत टाळ्या वाजल्या.

“काय धार हाय!” भगवानशेठ म्हणाले, आणि महाग सुरीला पुन्हा नमस्कार केला. हिरवी सुरी शोभानं बेसिनमध्ये धुतली आणि दुपारच्या डब्यासाठी त्याच सुरीनं काकडी चिरली.

रंगाच्या रिकाम्या डब्यात पिंपळ, डबा शोभाच्या मांडीवर, मी पुढे, भगवानशेठ गाडी चालवताहेत. नेऱ्याच्या रस्त्यानं डोंगर जवळ येत गेला. मी काचेतून वर बघत होतो. मला वाटलं होतं की तो मोठा होत जाईल आणि मग आपण त्याच्यासमोर उभे राहू. तसं होत नाही. फार्महाउसांच्या भिंती संपल्या, गाडी थांबली आणि समोर एक उतार होता, त्यावर गवत, दोन गाई, एक पायवाट. डोंगर नव्हता. माथा दिसत नव्हता, ती खाचही नव्हती. आमच्या गॅलरीतला डोंगर आमच्या गॅलरीतच होता.

चंद्रावतीबाईंनी कुंपणाजवळची जागा दाखवली. मी सुरीनं खड्डा खणायला घेतला. दुसऱ्याच घावाला दगड लागला आणि टोक टचकन तुटलं. सुरीला आजन्म हमी होती. घरी जाऊन वाचलं तर त्यात खणणं, उचकटणं आणि दगड यांचा समावेश नव्हता. आजन्म कपाटात ठेवली असती तर हमी पूर्ण लागू होती. उरलेल्या पात्यानं मी खड्डा पुरा केला. आता ती तशीही सामान्य झाली होती, आणि मला ती पहिल्यांदा आवडली. शोभानं पिंपळ लावला, माती दाबली, हात झटकले.

“चढायचं?” मी विचारलं.

ती पायवाटेकडे बघत राहिली. मग दहा-बारा पावलं गेली, गुडघ्यावर हात ठेवून थांबली आणि एका दगडावर बसली. मी शेजारी बसलो. समोर, लांब धुरकट उजेडात पनवेल पसरलं होतं, नुसत्या इमारती.

“तो दिवा इथेच कुठेतरी होता,” ती म्हणाली.

मी मात्र वेगळंच शोधत होतो. “ती बघ,” मी बोट दाखवलं, “आपली गॅलरी.”

“बोट खाली करा. ती पाण्याची टाकी आहे.”

तरी आम्ही दोघं बराच वेळ आपली गॅलरी शोधत होतो, आणि ती सापडेना तेव्हा मला तिची इतकी आठवण आली की माझा मलाच राग आला.

निघताना चंद्रावतीबाईंनी विचारलं, “झाड लावलात, पन आता पाऊस गेला. याला पानी कोन घालणार? आमच्यात कुनाला येळ नाय.”

मी भगवानशेठकडे बघितलं, भगवानशेठनी गाडीकडे बघितलं.

“आम्ही येऊ की,” शोभा म्हणाली. “पुढच्या रविवारी.”

एवढ्या वर्षांत हे दोन शब्द ती पहिल्यांदा म्हणाली होती. मी ते जेव्हा म्हणायचो तेव्हा ते वाक्याचा शेवट असायचे.

त्याच आठवड्यात समोरचा स्लॅब टाकला. खाचेचा वरचा कोपरा तेवढा उरला आहे, तोही मान वाकडी केली तर. वर्तमानकाळ अजून चालू आहे. आम्ही मात्र दर रविवारी नेऱ्याला जातो. सुरी बरोबर असते. तिनं मी पाण्याच्या जुन्या कॅनचं तोंड कापून त्याची झारी केली, आणि आम्ही गेलो की चंद्रावतीबाई तिनं आता सर्रास बोंबील कापतात. डोंगर अजून चढलेलो नाही. दर वेळी त्या दगडापेक्षा थोडं पुढे जातो, शोभाचा गुडघा सांगेल तिथपर्यंत.

गेल्या रविवारी पिंपळाला दोन नवी पानं आली होती, तांबूस, ओली असल्यासारखी.

“मुंज्याला पझेशन मिळालं,” शोभा म्हणाली. “हिल व्ह्यू. आणि समोर प्लॉट नाही.”

भगवानशेठ कुंपणावर हात टेकून उभे होते. “समोरचं इकलं आमच्या साडूनं,” ते म्हणाले. “सेकंड होम करतात. सात माळे.”

मी मान वर करून मधली मोकळी हवा पाहिली, जिथे ते सात मजले येणार होते. शोभानं झारी भरली, वाकली, एका हातानं गुडघा धरून मुळाशी सगळं पाणी घातलं.

“पी बाबा,” ती त्या वीतभर झाडाला म्हणाली. “आणि लवकर वाढ. त्यांच्या आधी.”